आपल्याकडची लेकरं बारकीच का? रक्त, रान आणि अंगणवाडीचा तक्ता

गोदाकाठ (धागाकर्ता)

अंगणवाडीत लेकराची उंची मोजून तक्त्यावर ठिपका मांडला आणि तो खालच्या रेघेखाली गेला, की ठरलेलं वाक्य येतं: "हा तक्ता गोऱ्यांच्या पोरांचा आहे ओ, आपली हाडापेरानंच बारकी." आजी म्हणते, सरपंच म्हणतात, आणि इथल्याच एका धाग्यावर एका साहेबांनी "उंची ८० टक्के आनुवंशिक असते, तेव्हा पोषण आहारावरचा खर्च पाण्यात" असं लिहून टाकलं. तो धागा धपाट्यांच्या पाककृतीचा होता, म्हणून हा वेगळा काढला.

तर तक्ता गोऱ्यांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ ते २००३ या काळात सहा ठिकाणची सुमारे साडेआठ हजार लेकरं मोजली. ब्राझीलमधलं पेलोटास, घानाची राजधानी आक्रा, नॉर्वेचं ऑस्लो, ओमानचं मस्कत, कॅलिफोर्नियातलं डेव्हिस आणि आपली दक्षिण दिल्ली. लेकरं निवडताना आईचं दूध मिळालेली, पोटभर खाणारी, आजारात दवाखाना मिळणारी अशीच घेतली. त्यांच्या लांबीत जो फरक दिसला, त्यात ठिकाणाठिकाणांमधल्या फरकाचा वाटा फक्त ३ टक्के निघाला. एकाच ठिकाणच्या लेकरालेकरांमधल्या फरकाचा वाटा ७० टक्के. खात्यापित्या घरचं दिल्लीचं लेकरू आणि ऑस्लोचं लेकरू पाच वर्षांपर्यंत जवळपास बरोबरीनं वाढतं. यावरूनच २००६ मध्ये मानकं ठरली आणि अंगणवाडीतला तक्ता त्यांच्यावरच बेतलेला आहे.

आता ते ८० टक्के. आकडा खरा आहे, पण साहेबांनी तो नको तिथं लावला. जिथं बहुतेकांना पोटभर मिळतं अशा समाजात माणसामाणसांच्या उंचीत जो फरक असतो, त्यातला किती भाग जनुकांच्या फरकामुळं येतो, एवढंच तो सांगतो. दोन समाजांच्या सरासरीत अंतर का पडलं, यावर तो काहीच बोलत नाही. रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञानं १९७० मध्ये हे मक्याचं उदाहरण देऊन सांगितलं होतं. आपण ज्वारी घेऊ. गावरान ज्वारीचं एकाच पोत्यातलं बी अर्धं गोदाकाठच्या भारी काळ्या रानात पेरा, अर्धं बालाघाटावरच्या मुरमाड रानात. प्रत्येक रानात आतल्या आत खत-पाणी सगळीकडं सारखं ठेवा. काळ्या रानातली ताटं एकमेकांत उंच-ठेंगणी होतील ती निव्वळ बियाण्यामुळं. मुरमाडातही तसंच. म्हणजे दोन्ही रानांत आनुवंशिकता १०० टक्के. पण या रानाच्या आणि त्या रानाच्या सरासरीत जो हातभर फरक पडेल, तो पूर्ण जमिनीचा.

आणि हे नुसतं कागदावरचं नाही. दक्षिण कोरियात १८९६ साली जन्मलेल्या बायकांपेक्षा १९९६ साली जन्मलेल्या बायका सरासरी २० सेंटिमीटरनं उंच झाल्या. शंभर वर्षांत रक्त बदलत नाही. आपल्याकडं बघायचं तर राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतच सुरू झालं. २००५-०६ मध्ये राज्यातली दोन वर्षांखालची ३९ टक्के लेकरं वयाच्या मानानं बुटकी होती. २०१२ च्या पाहणीत हे प्रमाण २४ टक्क्यांच्या आसपास आलं. सहा-सात वर्षांत महाराष्ट्राची जनुकं बदलली म्हणायचं का?

लाल_कंधारी

लेख चांगला लिहिलाय, पण मला पटंना. आमच्याकडं कंधारला लाल कंधारी गाय अन् तिकडं देवणीला देवणी गाय. एकाच जिल्ह्याच्या चाऱ्यावर वाढवा, रंग येगळा, शिंगं येगळी, दूध येगळं. उस्मानाबादी शेळी कुठंबी नेऊन बांधा, ती उस्मानाबादीच ऱ्हाती. जनावराला रक्त लागू होतंय अन् माणसालाच कायदा येगळा का ओ? उगं कुणाला वाईट वाटू नाही म्हणून खरं झाकायलेत असं मला वाटतंय.

फड_आणि_फोडणी

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. धपाट्यांचा धागा मात्र वाया गेला.

विदा_वेडा

@लाल_कंधारी, मामा, प्रश्न रास्त आहे, पण जातिवंत जनावर तयार कसं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. वळू निवडून लावतात, बाकीचे खच्ची करतात, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चालतं. माणसांचा वळू कुणी निवडलेला नाही.

यावर मोजमापं झालेली आहेत. लेवॉन्टिन यांनीच १९७२ मध्ये रक्तगटांसारखी लक्षणं घेऊन हिशोब केला. माणसांमधल्या एकूण जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के एकेका लोकसमूहाच्या आतच सापडते. नंतर डीएनएवर झालेल्या अभ्यासांतही आकडा त्याच घरात राहिला. उलट २००४ मध्ये कुत्र्यांच्या जातींचा अभ्यास झाला, तिथं २७ टक्के विविधता जातीजातींमध्ये निघाली. माणसांच्या लोकसमूहांमध्ये ती ५ ते १० टक्के असते. तेव्हा कायदा एकच आहे, पण माणसाच्या गटांमधली भिंत फार पातळ आहे.

धागाकर्त्यांना एक टोचणी. २४ टक्के सांगितलेत, मग पुढचंही सांगा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राची पाच वर्षांखालची ३५.२ टक्के लेकरं बुटकी निघाली. वयोगट वेगळा आहे, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून "सुधारणा वाहून गेली" असं म्हणता येणार नाही. पण "मिशन आलं आणि प्रश्न सुटला" असंही कुणी वाचू नये.

लाल_कंधारी

माणसाचा वळू कुणी निवडला नाही म्हणता? आमच्यात दोन हजार वर्सापासून जातीतल्या जातीत लग्नं चाललीत. ही काय निवड नाही का? याचं उत्तर द्या मग बघू.

संपादक

इथपर्यंत चर्चा छान चालली आहे. जातींची नावं घेऊन कुणाची अक्कल, कुणाची ताकद असले प्रतिसाद आले तर थेट उडवले जातील. दोन उडवलेले आहेत.

विदा_वेडा

मामा, हा मात्र खरा मुद्दा काढलात. हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी जीवशास्त्र संशोधन संस्थेतले के. थंगराज आणि अमेरिकेतले डेव्हिड राइश यांच्या गटाचं काम यावर आहे. २०१३ च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात उपखंडात प्रचंड सरमिसळ झाली. त्या काळात जवळपास सगळेच समूह एकमेकांत मिसळले. नंतर दारं बंद झाली. तुमची "दोन हजार वर्षं" अंदाजानं बरोबर आहेत.

पण दार बंद करणं आणि वळू निवडणं यात फरक आहे. दार बंद झालं की आत जे काही योगायोगानं होतं तेच फिरत राहतं. मूळच्या थोड्या घरांत एखादं दुर्मिळ सदोष जनुक असेल तर ते त्या समूहात वाढतं. २०१७ मध्ये दक्षिण आशियातले २६३ समूह तपासले, त्यातल्या ८१ समूहांत हा परिणाम, यासाठी नेहमी ज्यांचा दाखला देतात त्या फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि युरोपातल्या अश्कनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र निघाला. यातून विशिष्ट आजार वाढतात. अमुक समूह उंच आणि तमुक हुशार असं त्यातून निघत नाही, कारण उंची किंवा बुद्धी एकदोन जनुकांवर ठरत नाही. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांचा विदा (डेटा) चाळून उंचीशी निगडित १२ हजारांवर जागा सापडल्या. एवढ्या जागा योगायोगानं एकाच दिशेला कलणं अवघड असतं.

यात शास्त्रज्ञही घसरले आहेत, हे सांगायला हवं. उत्तर युरोपातले लोक दक्षिणेपेक्षा उंच का, तर नैसर्गिक निवडीनं जनुकंच तशी झाली, असे निबंध बरीच वर्षं येत होते. २०१९ मध्ये दोन गटांनी स्वच्छ विदावर तेच गणित पुन्हा केलं तर तो कल बहुतांशी विरून गेला. लोकसंख्येच्या रचनेतले बारीक फरक उंचीच्या जनुकांचा परिणाम म्हणून मोजले गेले होते. उंचीसारखी फूटपट्टीनं मोजता येणारी गोष्ट, तिथं हे झालं. बुद्धीचं काय घेऊन बसलात.

परभणीची_डॉक्टर

वर म्हटलंय ते दवाखान्यात रोज दिसतं. भूल देणाऱ्या आमच्या मित्रांना एक गोष्ट शिकवलेली असते. वैश्य समाजातल्या काही जणांमध्ये एक विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं, त्यामुळं स्नायू सैल करणारं एक नेहमीचं औषध त्यांच्या अंगातून लवकर उतरत नाही. म्हणून आधी विचारायचं. ही जनुकांची गोष्ट आहे आणि ती लपवण्यात काही अर्थ नाही. सिकलसेल हा रक्ताचा आजारही तसाच. विदर्भात, नंदुरबारकडं तो जास्त दिसतो, कारण मलेरियाच्या मुलखात एकच सदोष जनुक असलेला माणूस तगायचा. आणि मामाची मुलगी करायची चाल आपल्याकडं आहेच. जवळच्या नात्यातलं लग्न असेल तर मी गरोदरपणाआधीच तपासण्यांचं बोलते. घरचे रागावतात, रागावू देत.

तेव्हा "गटागटांत जनुकीय फरक नसतातच" असं कुणी म्हणत असेल तर मी तिथं सहमत नाही. फरक असतात. कुठल्या लक्षणात, किती आणि कशामुळं, हे प्रत्येक वेळी वेगळं सिद्ध करावं लागतं.

आता वजनाचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण आपल्या बाळांत जे कमी होतं ते मांस आणि अवयव. पाठीवरची चरबी जवळपास तेवढीच. दिसायला काडी आणि आतून चरबीचं. याच याज्ञिकांचा इंग्लंडमधल्या एका सहकाऱ्यासोबतचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. सहकाऱ्याच्या अंगात ९.१ टक्के चरबी, याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

मग हे रक्तातलं का आईच्या पोटातलं? १९६२ मध्ये जेम्स नील यांनी काटकसरी जनुकांची कल्पना मांडली: दुष्काळात तगलेल्यांची जनुकं साठवणारी, सुकाळात त्यांनाच मधुमेह. १९९२ मध्ये हेल्स आणि बार्कर यांनी उलट बाजू मांडली. जनुक नव्हे, पोटातच उपास घडला की शरीर काटकसर शिकतं. पुण्याच्या अभ्यासातल्या आयांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. बऱ्याच जणींत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. आणि ज्यांच्यात बी-१२ कमी व फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त आढळलं. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण जनुकं माझ्या हातात नाहीत, आईचं ताट आहे.

अजून एक. "पर्यावरण" म्हटलं की लोकांना वाटतं दोन वर्षांत बदलेल. १४५ सेंटिमीटरच्या आईचं बाळ लहान होतं, ती मुलगी लहान राहिली की तिचं बाळही. आजीचा दुष्काळ नातवाच्या वजनात उतरू शकतो. ते रक्तासारखं दिसतं, म्हणून घोटाळा होतो.

धारूरकर

डॉक्टर ताई, आईचं ताट तुमच्या हातात आहे म्हणता, आमच्याकडं या एकदा. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला तालुका रिकामा. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. माझी भावजय आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहायची. पहाटं तीनला फडात, गाडी भरली की रात्री कोपीवर. लेकरू पाचटावर झोपतंय. अंगणवाडीचं कार्ड गावाकडं राहिलेलं, अन् कारखान्याच्या अड्ड्यावर कुणी इचारतबी न्हाई का लेकराचं वजन किती. मार्चात परत येतात तवा ताई मोजती अन् म्हणती घसरलंय. घसरलंच असणार की. सहा महिने मोजमापच न्हाई.

अन् मंग गावातले म्हणतात, ऊसतोड्याची पोरं अशीच असतात.

वाळूज_ते_वाशी

धारूरकरांचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्यांच्या शेवटच्या वाक्याला एक अभ्यास जोडतो. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की भारतातलं पहिलं लेकरू आफ्रिकेतल्या पहिल्या लेकरापेक्षा बुटकं नसतं. घसरण दुसऱ्यापासून सुरू होते आणि तिसऱ्याला वाढते. आईबाप तेच, रक्त तेच. बदलतं ते वाट्याला येणारं खाणं आणि लक्ष. थोरल्या मुलाला सायीचं दूध आणि धाकटीला पाणी घातलेलं, हे आपल्याकडं सांगायला नको.

अवांतर: लातूर पॅटर्न कुणी काढला नाही अजून? निजामाच्या राज्यातून १९४८ ला सुटलेला, शाळा-कॉलेजात मागं राहिलेला मुलूख. "मराठवाड्याची पोरं मठ्ठ" असं पुण्या-मुंबईत उघड बोलायचे. नव्वदच्या दशकात बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं दिसायला लागली आणि बोलणं बंद झालं.

विदा_वेडा

लातूर हा पुरावा म्हणून चालणार नाही. नांदेड, बीड, परभणीतली निवडक पोरं तिथं येतात. निवडूनच घेतल्यावर निकाल चांगला लागणारच. त्यापेक्षा जेम्स फ्लिन यांनी दाखवलेलं घ्या. अमेरिकेत बुद्ध्यंक दर दशकाला सुमारे ३ गुणांनी वाढत गेला, आणि १९८७ मध्ये त्यांनी १४ देशांत तसंच दाखवलं. आजोबा आणि नातू यांच्यात एवढं अंतर पडतं ते जनुकांमुळं नाही.

आणि उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत झालेला कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा प्रयोग. सहावी-सातवीच्या पोरांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण पोरांच्या कामगिरीत फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचली की दलित पोरांची कोडी कमी सुटली. पोरं त्याच पातळीची, कोडी त्याच प्रकारची.

बालाघाट_डायरी

थोडा इतिहास. "रक्त" मोजण्याचा खटाटोप आपल्याकडं जुना आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड लावायचे. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये तसलीच मोजमापं हातात घेऊन दाखवलं की त्यावरून अस्पृश्यांचा वंश वेगळा ठरत नाही. त्याआधी इरावती कर्वे. बर्लिनला ऑयगेन फिशरकडं पीएच.डी. करत होत्या. हा फिशर वंशश्रेष्ठत्वाचा मोठा पुरस्कर्ता. युरोपीय माणसाची कवटी वेगळी, हे त्याला पाहिजे होतं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशानुसार असा काही फरक दिसत नाही असं लिहून दिलं. गुरूच्या तोंडावर. विशीतली मुलगी, परका देश.

आणि १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. चोरी रक्तातून उतरते असं धरून आख्ख्या जमातींची नोंद, हजेरी. रद्द झाला १९५२ ला. पारध्याचं पोरगं बाजारात दिसलं की पाकीट चाचपणारे लोक मी या वर्षी पाहिलेत, त्यांनी हा कायदा वाचलेला नाही.

कृषी_वार्ता

धागाकर्त्यांच्या ज्वारीबद्दल: गावरान लिहिलंत ते बरं केलंत. संकरित बियाणं घेतलं असतं तर उदाहरण कोसळलं असतं. संकरित वाणाच्या पोत्यातलं प्रत्येक दाणं जनुकांनी जवळपास सारखंच असतं, मग रानातल्या आतल्या फरकाची आनुवंशिकता शून्याजवळ येते. पीक तेच, आकडा १०० वरून शून्यावर. आनुवंशिकता हा बियाण्याचा अंगचा गुण नाही, हे यावरून अजून चांगलं कळतं. दुसरं म्हणजे काही वाण भारी रानातच चमकतात आणि हलक्या रानात मागं पडतात, तिथं दुसरा पुढं जातो. अशा वेळी बियाण्याचा वाटा किती टक्के आणि जमिनीचा किती, ही वाटणीच करता येत नाही.

गोदाकाठ (धागाकर्ता)

@कृषी_वार्ता, हे मूळ लेखात टाकायला हवं होतं. @विदा_वेडा, ३५.२ चा आकडा मान्य, लेखात जोडतो. @धारूरकर, भाऊ, स्थलांतरात कार्ड सोबत नेलं तर कारखान्याजवळच्या अंगणवाडीत नोंद घेतात का? इथं कुणी सेविका ताई असतील तर सांगा.

मिनी_अंगणवाडी

मी आहे. नोंद घ्यायला पाहिजे असा नियम आहे, पण लेकरू आणून दाखवलं तर. अड्डा गावापासून दूर असला की कुणी येत नाही आणि आमच्याच्यानं रोज जाणं होत नाही. माता-बाल कार्ड सोबत न्या, एवढं तरी सांगा सगळ्यांना. आणि साहेब लोकांनो, बुटकेपणाच्या निम्म्या भांडणाचं मूळ जन्मतारखेत असतं. तारीख अंदाजानं लिहिली की लेकरू दोन महिन्यांनी मोठं धरलं जातं आणि ठिपका खाली जातो.

लाल_कंधारी

ताई, देवणीबद्दलचं माझं मत मी सोडलेलं नाही. पण आमची नात २२ महिन्याची हाय, मागच्या मंगळवारी तिला बुटकी म्हणून लिव्हलं. भिंतीला उभी करून मोजली व्हती. बरोबर हाय का ते?

मिनी_अंगणवाडी

नाही मामा. दोन वर्षांखालचं लेकरू पाटावर आडवं झोपवून मोजायचं, टाच आणि डोकं दोन्हीकडून टेकवून, गुडघा हलका दाबून. उभं मोजलं असेल तर ०.७ सेंटिमीटर वाढवून मग तक्त्यावर बघायचं. ती रेघेच्या अगदी जवळ असेल तर एवढ्यानंही फरक पडतो. तिला परत घेऊन जा, दवाखान्यातला जन्मदाखला सोबत न्या, आणि आडवी मोजायला सांगा. तरीही खाली निघाली तर दर महिन्याला मोजा आणि डाळ-अंडं सुरू करा.

लाल_कंधारी

अंडं घरात चालत न्हाई.

परभणीची_डॉक्टर

मग दूध-दही रोज, आणि बी-१२ तपासून घ्या. नातीचं पण आणि सुनेचं पण.